पक्षाचं पुस्तक वाचलेली बाई

पक्षाचं नाव इथं लिहीत नाही. लिहायला हरकत नव्हती, पण या हकिगतीतली बहुतेक माणसं हकिगत संपायच्या आत दुसऱ्या पक्षात जातात आणि वाचणाऱ्याचा नाहक गोंधळ होतो. पक्षाला मूल्यं होती, धोरणं होती, अग्रक्रम होते, आणि हे सगळं अठ्ठेचाळीस पानांच्या एका गुळगुळीत पुस्तकात छापलेलं होतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. त्या पुस्तकाच्या दोनशे प्रती जिंतूर तालुक्यात आल्या. त्यांतली एक वाचली गेली. ती ज्या बाईनं वाचली, तिचं नाव कडूबाई.

कडूबाई धामणवाडीची. चारठाण्याहून आत गेलं की पाच-सहा कोसांवर हे गाव लागतं. आधीची तीन लेकरं हाती लागली नाहीत म्हणून आईनं चौथीचं नाव कडू ठेवलं, म्हणजे काळाला तरी गोड लागू नये. काळानं तिला सोडलं, उसानं मात्र धरलं. लग्न झाल्यापासून नवरा ओमप्रकाश आणि ती, दोघांचा मिळून एक कोयता. दिवाळी झाली की सांगलीकडच्या कारखान्याला जायचं आणि चैत्रात परत यायचं. मधले सहा महिने गावाकडच्या तीन एकरांत जे पिकेल ते खायचं.

त्रेचाळीस वर्षांची होईस्तोवर तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. मग शाळेवरच्या रोहिणी मॅडमनी बायकांसाठी साक्षरता वर्ग काढला. पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या. शेवटच्या दिवशी एक कडूबाई आणि एक फळा, एवढेच हजर होते. पण कडूबाई वाचायला शिकली. शिकली खरी, पण वाचायचं काय, हा प्रश्न सरकारनं वर्गाच्या पुढं नेलेला नव्हता. तिनं खताच्या पोत्यांवरच्या सूचना वाचल्या. चहाच्या पुड्यावर काय काय लिहिलेलं असतं ते वाचलं. एकदा स्टँडवर उभं राहून तिनं एसटीवरची 'सोनपेठ' ही पाटी एका दमात वाचली आणि दिवसभर खुशीत राहिली. सोनपेठला तिचं कोणी नव्हतं.

त्याच सुमारास पक्षाची सदस्य नोंदणी आली.

गावातल्या शाखेचा अध्यक्ष बजरंग. त्याच्याकडं मोटारसायकल होती आणि फुरसत होती, आणि अध्यक्ष व्हायला आमच्याकडं याहून जास्त लागत नाही. वरून सहाशे सदस्यांचा हुकूम आला होता. बजरंगानं पारावर बसून मतदार यादीवरून पाचशे ऐंशी नावं उतरवली. त्यांतले सतरा जण वारलेले होते, पण मतदार यादीत ते अजून खुटखुटीत असल्यामुळं त्यांना वगळणं बरं दिसलं नसतं. राहिल्या वीस नावांचे मात्र फोटो वर पाठवायचे होते, तेही बायकांचे. म्हणून तो फॉर्म घेऊन दारोदार निघाला आणि कडूबाईच्या अंगणात आला.

"वैनी, इथं अंगठा टेकवा."

"अंगठा कामून? मला सही येती." कडूबाईनं फॉर्म हातात घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. "यात लिव्हलंय, 'मी पक्षाची मूल्ये व धोरणे वाचली असून ती मला मान्य आहेत.' मी तर वाचली न्हाईत."

बजरंगानं आजवर पाचशे ऐंशी फॉर्म भरले होते, पण त्या ओळीपर्यंत तो स्वतःही कधी पोचला नव्हता. तो जरा वाकून बघू लागला.

"कुणीच वाचत न्हाई, वैनी. तशीच मान्य असतेत."

"मंग पुस्तक द्या. वाचून सही करते."

पुस्तकं बजरंगाच्या घरी होती. त्याची बायको बबिता हिला त्यांचा फार उपयोग झाला होता. कव्हर जाड, रंग छान, त्यामुळं फळीवर अंथरली की पितळेची भांडी घसरत नाहीत. बजरंगानं पिठाचा डबा उचलून खालून एक प्रत ओढली आणि कडूबाईला दिली. कव्हरावर डब्याचा गोल उठला होता, तो नेमका नेत्याच्या डोक्याभोवती. त्यामुळं नेता संतासारखा दिसत होता.

चार दिवसांनी कडूबाईचं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढलं. जाताना पुस्तक आणि कोरा फॉर्म तिनं ट्रंकेत घातला. बजरंगाला थांबायला वेळ नव्हता. त्यानं दुसऱ्या फॉर्मवर तिची सही स्वतःच केली. शिस्त हे पक्षाचं चौथं मूल्य असल्यामुळं सही नीट रेषेवर केली.

ऊसतोडीत वाचायला वेळ कुठला, असं वाटेल. पण कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागली की तासन् तास खोळंबा असतो. बाया तेवढ्यात डोळा लावतात किंवा तंबाखू मळतात. कडूबाई पुस्तक काढायची. मूल्यं पाच होती: समता, पारदर्शकता, विकेंद्रीकरण, शिस्त आणि सेवा. सेवा तिला लगेच समजली, ती रोजच करत होती. विकेंद्रीकरण या शब्दाला दोन दिवस लागले. तोडणीची टोळी नेणारा मुकादम जीवन याला विचारलं तर तो म्हणाला, "केंद्रातलं सरकार काढायचं, असं असंल." तिला ते पटलं नाही. पुढच्या ओळीत लिहिलेलं होतं की ज्यांच्या जगण्याचा निर्णय आहे, त्यांनी तो आपल्या गावात बसून घ्यावा. ही गोष्ट तिला इतकी बरी वाटली की तिनं ती ओळ ओमप्रकाशला वाचून दाखवली. त्यानं मान हलवली. तो मुळात कमी बोलणारा.

महिन्याभरानं त्यानं विचारलं, "संपलं का पुस्तक?"

"संपलं."

"मंग परत कामून वाचायलीस?"

"पयल्यांदा अक्षरं वाचली. आता काय म्हणतेत ते वाचायलेय."

दुसऱ्या वाचनात ती पान एकतीसवर आली. तिथं छापलेलं होतं: 'ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे एकही मूल यापुढे फडात दिसणार नाही. त्यांच्यासाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालवणे हा आमचा अग्रक्रम आहे.' वाचून तिनं मान वर केली. तिची लेक शिवकन्या समोरच वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा बांधत होती. पोरगी सातवीत होती, म्हणजे शाळेच्या पटावर होती. दिवाळीपासून तिनं वही उघडलेली नव्हती आणि हाताला उसाच्या पात्यांनी चिरा पडल्या होत्या. कडूबाईनं ती ओळ आणखी एकदा वाचली. मग त्या पानाचा कोपरा दुमडला. त्या दिवशी तिनं पुढं काही वाचलं नाही.

चैत्रात परत आल्यावर तिनं दोन कामं केली. आधी फॉर्मवर सही करून तो बजरंगाला दिला. म्हणजे ती आता दोनदा सदस्य झाली. मग ती रोहिणी मॅडमकडं गेली आणि विचारलं की आपल्या गावात असलं वसतिगृह कधी निघणार.

मॅडमनी आधी दार लोटून घेतलं.

"निघालंय ना. दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तालुकाध्यक्ष किशनरावांच्या मेव्हण्याची संस्था चालवते. बेचाळीस मुलं आहेत. यादी मी पाहिलीय, कडूबाई. तुमची शिवकन्या सहा महिने तिथं दोन्ही वेळ जेवलीय."

कडूबाई काही बोलली नाही. गावाबाहेर रस्त्याला लागून त्या मेव्हण्याचं गोदाम होतं, तिथं गेली. दाराला कुलूप होतं. 'हंगामी वसतिगृह' अशी पाटी होती, पण ती खिडकीच्या आत, खाली डोकं वर पाय करून ठेवलेली. खिडकीतून बघितलं तर सोयाबीनची पोती छतापर्यंत रचलेली दिसली. पोरांना झोपायला जागा नव्हती ही तक्रार रास्त, पण पोती मात्र अगदी शिस्तीत होती.

पुस्तकात पान बारावर एक नियम होता. दर महिन्याला शाखेची बैठक व्हावी, त्यात कोणाही सदस्याला पदाधिकाऱ्याला प्रश्न विचारता यावा आणि पदाधिकाऱ्यानं तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं. कडूबाई बजरंगाकडं गेली.

"मासिक बैठक कधी हाय?"

"कसली बैठक?"

तिनं पान काढून दाखवलं. बजरंगानं ते वाचलं आणि तिच्याकडं मायेनं बघितलं.

"वैनी, हे छापायचं असतंय. करायचं येगळं असतंय."

"येगळं असतंय ते कोणत्या पानावर हाय?"

बजरंगानं तिला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेलं. भाऊच काय ते सांगतील, म्हणाला.

भाऊ म्हणजे किशनराव. तीस वर्षं राजकारणात. चार पक्षांत राहिले आणि चारही पक्षांत निष्ठावंत म्हणून ओळखले गेले, ही साधी गोष्ट नाही. बी-बियाण्याच्या दुकानावर, माडीवर त्यांचं कार्यालय होतं. बोलायला गोड. आल्या माणसाला आधी चहा, मग नकार, असा त्यांचा दस्तूर. कडूबाईचं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग कार्यालय सांभाळणाऱ्या योगीराजला म्हणाले, "ते पुस्तक काढ बरं."

योगीराजनं कपाटं धुंडाळली. पुस्तक नव्हतं. शेवटी कडूबाईनं आपलं दिलं. किशनरावांनी पान बारा वाचलं, पान एकतीस वाचलं, आणि मग पुस्तक उलटं करून मागची बाजू बघितली.

"कोण छापलं हे?"

"आपणच, भाऊ," योगीराज म्हणाला.

किशनरावांनी थोडा विचार केला. पुढच्या आठवड्यात वरून निरीक्षक येणार होते, तालुक्यात पक्षाचा विचार कुठवर रुजला ते बघायला. विचार दाखवायला कोण उभा करावा, ही जिकीर त्यांना चार दिवसांपासून लागलेली होती. आणि इथं विचार आपल्या पायांनी चालत आला होता, तोही ऊसतोड मजूर, तोही बाई.

"बाई, तुमी बैठकीला या," ते म्हणाले. "साहेबांसमोर पुस्तकातलं म्हणून दाखवा. तुमच्या वसतिगृहाचं आपण नंतर बसून बघू."

कडूबाईनं विचारलं, "बैठकीत प्रश्न इचारता येतो का?"

"इचारा की. लोकशाही हाय," किशनराव म्हणाले. प्रश्न काय असणार याची त्यांनी फिकीर केली नाही. आजवर बैठकीत त्यांना एकच प्रश्न विचारला गेला होता, जेवण कधी.

बैठक मंगल कार्यालयात झाली. दोनशे कार्यकर्ते आले. निरीक्षक हे पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते, जाड चष्म्याचे, हळू बोलणारे. कोणाला माहीत नव्हतं, पण ते पुस्तक त्यांनीच लिहिलेलं होतं. बारा वेळा खोडून तेराव्यांदा लिहिलं होतं. छापून आल्यापासून ते गावोगाव त्याचा वाचक शोधत फिरत होते आणि अजून त्यांना एकही भेटलेला नव्हता.

त्यांनी पहिल्या रांगेतल्या बजरंगाला उभं केलं. "पक्षाची पाच मूल्यं सांगा."

बजरंगानं इकडंतिकडं बघितलं. "पाणी," तो म्हणाला. "रस्ते. लाईट." मग खूप वेळानं, "किशनभाऊ." पाचवं त्याला सापडेना. मागून कोणीतरी हळूच "साहेब तुमी" असं सुचवलं, तेही त्यानं सांगून टाकलं.

मग कडूबाईला बोलावलं. ती डोक्यावरचा पदर नीट करून माईकसमोर उभी राहिली आणि तिनं पाचही मूल्यं ओळीनं म्हटली. विकेंद्रीकरण ती न अडखळता म्हणाली आणि त्याचा अर्थही सांगितला, फडातल्या भाषेत. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. किशनरावांनी टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तरी कडूबाई तिथंच उभी होती.

"मला पान बारापरमाणं एक प्रश्न इचारायचाय," ती म्हणाली. "मपली लेक शिवकन्या सहा महिने मह्या बरुबर सांगलीकडं फडात होती. आन् इथं वसतिगृहाच्या यादीत ती दोन टाइम जेवलेली हाय. तर तिच्या नावानं कोण जेवलं, तेवढं मला लिहून पायजे."

किशनरावांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. प्राध्यापकांनी एकदा कडूबाईकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं. प्रश्न अवघड होता, पण नियम प्राध्यापकांच्याच हातचा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तो वापरत होतं.

"तीस दिवसांत लेखी उत्तर," ते म्हणाले. "ताई, तुम्ही प्रश्न लिहून द्या."

"नक्की, नक्की," किशनराव म्हणाले. "पारदर्शकता तर आमचा प्राण हाय."

कडूबाईला प्रश्न लिहायला दोन दिवस लागले. शाई सांडली म्हणून एकदा पुन्हा लिहिला. मग तीस दिवस सुरू झाले.

ते दिवस सोपे गेले नाहीत. आधी बजरंग आला आणि महिला आघाडीचं उपाध्यक्षपद देतो म्हणाला. तिनं विचारलं की त्याची निवड बैठकीत होते का. तो निघून गेला. मग ओमप्रकाशला पारावर कोणीतरी सांगितलं की यंदा तुला कोणी मुकादम हंगामाची आगाऊ उचल देणार नाही. ओमप्रकाश तसाच घरी आला.

"कामून नादी लागायलीस?" तो म्हणाला. "आपुन कोण, ते कोण."

"आपल्या लेकराच्या नावानं कुणीतर जेवलंय. कोण ते कळू द्या. मंग सोडते."

तिलाही भीती वाटत होतीच. दिवसा ती हिमतीनं बोलायची आणि भाकरी थापताना हात थांबायचे. दोन दिवसांनी ती स्वतः जीवन मुकादमाकडं गेली आणि सरळ विचारलं की यंदा नेणार का नाही. जीवन म्हणाला, "मला कोयता पायजे, कडूबाई. कोयत्याचा पक्ष म्या कधी इचारला न्हाई." तालुक्यातलं त्या महिन्यातलं सगळ्यात स्वच्छ धोरण तेच होतं.

एकोणतिसाव्या दिवशी किशनरावांनी पक्ष सोडला.

मुंबईला जाऊन त्यांनी नव्या पक्षाचा रुमाल गळ्यात घातला. पेपरात फोटो आला आणि खाली छापलं होतं, 'मूल्यांशी तडजोड अमान्य'. त्यांच्याबरोबर तालुक्यातले सगळे पदाधिकारी गेले आणि धामणवाडीचे सहाशे सदस्य यादीसकट गेले. सतरा मयतांनीही त्यांची साथ सोडली नाही. कडूबाई दोनदा सदस्य होती, ती दोनदा गेली.

हे तिला रोहिणी मॅडमकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती तालुक्याला गेली. पेंटर पाटी रंगवत होता. जुन्या पक्षाचं चिन्ह अजून खालून दिसत होतं. किशनराव आत हार मोजत बसलेले होते.

"आज तिसावा दिवस हाय, भाऊ."

"बाई, तो नियम त्या पक्षाचा," किशनराव मवाळपणे म्हणाले. "आमी आता त्या पुस्तकाला बांधील न्हाई. नव्या पक्षाचं पुस्तक येऊ द्या. त्यात असला तर बगू."

"मी कुठल्या पक्षात हाय?"

"तुमी आमच्यासंगं आलाव."

"मला कुणी इचारलं न्हाई."

किशनरावांनी हात जोडले. चहा आज मिळाला नाही. जिन्यात योगीराज जुने कागद पोत्यात भरत होता. नव्या पक्षाचं नवं लेटरपॅड आलं होतं, म्हणून जुन्या पॅडचे दोन गठ्ठे आणि 'तालुकाध्यक्ष' असा रबरी शिक्का रद्दीत निघाला होता. तो कडूबाईकडं बघत थोडा वेळ थांबला. मग इकडंतिकडं बघून त्यानं एक पॅड आणि तो शिक्का तिच्या पिशवीत टाकला. "रद्दीवाल्याला तरी काय उपेग," तो म्हणाला. योगीराज त्या कार्यालयात अठरा वर्षं होता. त्याचा स्वतःचा काही विचार असेल अशी कोणाला शंका नव्हती.

कडूबाईनं पुस्तकाच्या मागच्या नंबरावर फोन लावला. प्राध्यापकांनीच उचलला.

"ताई, कालपासून तुमच्या तालुक्यात माझा एकही फोन कोणी घेत नाही," ते म्हणाले. "तुम्ही तरी आहात का पक्षात?"

"हाय. पान चाळीसवर बघा, म्हंजे पुढं काय करायचं ते लिव्हलंय."

पान चाळीसवर लिहिलं होतं की सगळी पदं रिकामी झाली तर उरलेल्यांत जो जुना सदस्य असेल त्यानं प्रभारी अध्यक्ष व्हावं. उरलेल्यांत जुनी कडूबाईच होती. उरलेल्यांत नवीही तीच होती. त्या दुपारी ओमप्रकाशच्या मोबाईलवर नेमणुकीचं पत्र आलं आणि जिंतूर तालुक्यात एका राजकीय पक्षाची अध्यक्ष कोयत्यावरची बाई झाली. ओमप्रकाशनं पत्र दोनदा बघितलं. "आता चहा कोण करायचा?" त्यानं विचारलं, आणि स्वतःच चूल पेटवायला उठला.

वैशाखात कडूबाईनं वसतिगृहाबद्दल एक साधा अर्ज तालुक्याच्या सरकारी कचेरीत दिला होता. तेव्हा कारकुनानं तोंड वर न करता "ठेवून जा" म्हटलं होतं. आता तोच मजकूर तिनं पक्षाच्या पॅडवर लिहिला, खाली शिक्का मारला आणि त्याच टेबलावर नेऊन ठेवला. कारकून उभा राहिला. आतून साहेब आले. "बसा, अध्यक्षबाई," म्हणाले. खुर्चीवर बसलेल्या कडूबाईला प्रश्न पडला की आपण तीच, अर्ज तोच, मग हे उठून कोणाला बघायला लागले. पण ते पुस्तकात कुठं नव्हतं.

आठ दिवसांत तपासणी आली. साहेबांनी गोदाम उघडायला लावलं आणि स्वयंपाकघर दाखवा म्हणाले. मेव्हण्यानं सोयाबीनच्या पोत्यांमागं बोट दाखवलं. मग शाळेच्या ओट्यावर बसून यादी वाचली गेली. बेचाळीस पोरांपैकी एकोणचाळीस आईबापांबरोबर फडात होती. दोन नावं कोणाची ते कोणालाच सांगता आलं नाही. राहिलेला एकजण सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तीन वर्षांपासून कामाला होता. तो मिशी राखून होता आणि वसतिगृहात अजून पाचवीत होता.

मेव्हण्याचं काय झालं, तर चौकशी चालू आहे. ती अजून चालू आहे आणि प्रकृतीनं उत्तम आहे. संस्थेचं नाव 'प्रशासकीय कारणास्तव' यादीतून निघालं आणि दिवाळीपासून वसतिगृह शाळेच्या दोन खोल्यांत चालवायचं ठरलं. स्वयंपाकाला गावातली सरजाबाई, देखरेखीला रोहिणी मॅडम. शिवकन्याच्या नावानं कोण जेवलं, ते कडूबाईला कोणी लिहून दिलं नाही.

दसऱ्याच्या आसपास निवडणुकीचे वारे सुटले आणि पक्षाला आपल्या तालुक्याची आठवण झाली. प्राध्यापकांचा फोन आला. आवाज पडलेला होता. एक कंत्राटदार पक्षात येतायत, त्यांच्याकडं गाड्या आहेत, माणसं आहेत, त्यांना अध्यक्ष करायचं वर ठरलंय, असं त्यांनी सांगितलं. "ताई, पक्षाला ताकद लागते," ते म्हणाले.

"अध्यक्ष बैठकीत ठरवायचा असं लिव्हलंय, साहेब."



"माहीत आहे," प्राध्यापक म्हणाले. "मीच लिहिलंय."

कंत्राटदाराचा माणूस जीप घेऊन पॅड आणि शिक्का न्यायला आला. कडूबाईनं दोन्ही फडक्यात बांधून दिलं. आतून तिला लागलं. अध्यक्षपणाचं तिला एवढं काही नव्हतं, पण उठून उभा राहिलेला तो कारकून आता पुन्हा मान वर करणार नाही, हे तिला कळत होतं. त्या माणसाला तिनं विचारलं की नव्या अध्यक्षांनी पुस्तक वाचलंय का. तो म्हणाला, कोणतं पुस्तक.

दिवाळीनंतर जीवनचा ट्रॅक्टर आला. यंदा शिवकन्या दारात उभी राहिली आणि आईबाप तेवढे गाडीत चढले. चारठाण्यापर्यंत कडूबाई मागं वळून बघत होती. ओमप्रकाशनं तिच्या बाजूला रिकाम्या राहिलेल्या जागेत पाण्याची घागर सरकवून ठेवली.

पंधरा दिवसांनी, दुपारी, कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर रांगेत उभे असताना रोहिणी मॅडमच्या फोनवरून शिवकन्या बोलली. वसतिगृहाचं उद्घाटन झालं होतं. फीत कापायला किशनराव आले होते, नव्या पक्षाचा रुमाल घालून. मांडव होता, बजरंगकाकानं माईक धरला होता.

"आई, भाषणात भाऊ म्हणले, हे वसतिगृह मपलं लय दिवसांचं सपान होतं."

"बरं."

"तुझं नाव कुणी घेतलं न्हाई."

"त्याचं राहू दे. जेवायला काय होतं?"

"वरण, भात, भाजी. काल अंडं होतं."

"वरणात मीठ असतंय का?"

"असतंय. सरजामावशी पोळ्या लय जाड करती."

"जाड असंनात. दोन खात जा," कडूबाई म्हणाली. "आन् गणिताची वही मॅडमला रोज दाखव."

पुढचा ट्रॅक्टर हलला. ओमप्रकाशनं खालून हाक मारली, तशी तिनं फोन कमरेला खोचला आणि ट्रॉलीवरचा दोर सोडायला चढली.